बिनजिन्याची माडी

सकाळी पूजा आटोपून वामनराव स्वयंपाकघरातून बाहेर यायला वळले आणि त्यांच्या नडगीला उतरंड लागली. एकावर एक रचलेली मडकी आपसात कुजबुजल्यासारखी हलली, सगळ्यांत वरच्या गाडग्यावरची झाकणी घसरली आणि गोल गोल फिरत चुलीपाशी जाऊन पडली. फुटलं काही नाही. रमाबाईंनी भाकरी थापता थापता डाव्या हाताने झाकणी उचलली, पदराने पुसली आणि परत जागेवर ठेवली. "अहो, मी काय म्हणते," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण वामनराव तेव्हा आपलाच अर्ज मोठ्याने घोकत होते आणि अर्ज ऐन रंगात आला होता. त्यांनी नुसता हात वर केला. ओसरीवर येऊन वहाणा घालताना नडगी हुळहुळायला लागली, तेव्हा त्यांच्या मनात आलं, या घरात राहायला आलो तेव्हापासून ती उतरंड मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात उभी आहे. दिवा गेलेला असतानासुद्धा आपला पाय कधी तिला लागला नाही. मग आज ती वाटेत कशी आली? विचार तिथंच राहिला. आज कचेरीत त्यांच्या स्वतःच्या अर्जाची तारीख होती, आणि अशा दिवशी मडक्यांचा विचार करत बसणाऱ्यांपैकी ते नव्हते.

वामनराव आष्टीकर हे जालन्याच्या कचेरीतले अर्जनवीस. निजामाच्या राज्यात तक्रार करायची तर उर्दूत, आणि उर्दूत करायची तर वामनरावांकडून, अशी लोकांची समजूत होती. ती मोडून काढण्याची वामनरावांना कधी गरज वाटली नव्हती. आवारातल्या चिंचेखाली त्यांची सतरंजी पडली की बांध कोरणारे भाऊ, बायकोला न नांदवणारे जावई, शेजाऱ्याच्या म्हशीने कडबा खाल्लेले शेतकरी, सगळे त्यांच्या लेखणीतून साहेबांपुढे जात. माणसं त्यांना दोनच जातींची दिसत, अर्जदार आणि गैरअर्जदार. नवा कुणी नमस्कार करत आला की तो तोंड उघडायच्या आधीच वामनराव त्याला मनातल्या मनात या किंवा त्या बाजूला बसवून टाकत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघत. त्यांच्या अर्जात खोटं कधीच नसे. खरं होतं त्यातलं लागेल तेवढं ते घेत, तांदूळ निवडून घ्यावेत तसं, आणि खडे ज्याचे त्याला परत देत. "तोंडी बोललेलं वारा नेतो," ते येणाऱ्याला बजावत, "तोंडी अर्ज हा अर्जच नव्हे. कागदावर आणा, मग बघतो कोण तुम्हाला नाही म्हणतो ते." आजवर त्यांचा अर्ज फुकट गेला असं कुणी म्हणालं नव्हतं. आज मात्र फी न देणारा एकच अर्जदार त्यांच्याकडे होता, आणि त्याच्यासाठीच त्यांनी सगळ्यांत जास्त रात्री जागवल्या होत्या.

नवीन जालन्यातून कुंडलिकेच्या पुलाकडे निघताना त्यांनी सवयीने मागे वळून घराकडे पाहिलं. माडी झकास उभी होती. चुन्याचा गिलावा उन्हात चमकत होता, पूर्वेच्या खिडकीची हिरवी झडप बंद होती आणि पागोळीखाली नक्षीची फळी एका ओळीत बसली होती. माडी बांधणाऱ्या पुंजाराम गुत्तेदाराच्या हातात कसब आहे हे वामनरावांनी कधी नाकारलं नाही. अर्जातसुद्धा त्यांनी ते लिहिलं होतं, म्हणजे मग पुढचा घाव जोरात बसतो. माडीत काही उणं नव्हतं. फक्त तिथं जायला जिना नव्हता. ओसरीच्या बाहेरून एक बांबूची शिडी लावलेली होती, तिच्यावरून आजवर गवंडी चढले होते, एकदा दोनदा स्वतः वामनराव धोतराचा काचा मारून चढले होते, आणि मांजर रोज चढत होतं. गल्लीतले लोक आधी माडीचं कौतुक करत, मग शिडीकडे बघत, मग वामनरावांकडे. जिनिंगमधला मुनीम तर एकदा म्हणाला होता, "आष्टीकर, घर छान झालं. आता शिडीवर एक छप्पर घाला, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात भिजणार नाही." त्याला वामनरावांनी त्याच क्षणी गैरअर्जदारांत घातलं होतं आणि अजून बाहेर काढलं नव्हतं.

पुलावर वारा होता. कापसाच्या गाड्या स्टेशनाकडे चालल्या होत्या, बैलांच्या पाठीवर पांढरे पुंजके बसलेले, आणि आश्विनाचं ऊन पाण्यावरून परतून डोळ्यांत येत होतं. ही माडी खरं तर कुणाच्या डोक्यातून निघाली, हे आठवायला वामनरावांना आवडत नसे, कारण ती तोंडी अर्जातून निघाली होती. रमाबाई वडीगोद्रीच्या. माहेरचं घर रस्त्याला लागून, आणि लहानपणी त्या खिडकीच्या गजांत दोन्ही पाय घालून बसत नि येणारी जाणारी गाडी कुणाची ते बैलांच्या घुंगरांवरून सांगत. लग्न होऊन आल्या त्या या घरात, इथल्या स्वयंपाकघराला एक झरोका, माजघराला तोही नाही. कधीतरी, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या होत्या, "एक खिडकी असती तर बरं झालं असतं." एवढंच. तारीख नाही, सही नाही, मागणीचं कारण नाही. वामनराव हूं म्हणाले होते. ते हूं त्यांच्या पोटात किती काळ पडून होतं कोण जाणे. पण हातात पैसा खुळखुळायला लागला आणि आपण आता काहीतरी करून दाखवावं असं वाटायला लागलं, तेव्हा खिडकीची माडी झाली. वर हवेशीर खोली, पूर्वेला रस्त्यावरची खिडकी, आणि ओसरीच्या कोपऱ्यातून वर जाणारा सागवानी जिना. आलेला माणूस आधी जिना बघणार, मग वर बोलावला जाणार, मग खिडकीशी बसून चहा घेणार. या चित्रात रमाबाई चहा घेऊन वर येत होत्या. आता चित्रही राहिलं होतं आणि चहाही. नऊवारी नेसलेल्या घरंदाज बाईने भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, शिडी चढायची कशी? जिची खिडकी, तिने ती आतून अजून पाहिलीही नव्हती. गल्लीतून, पाणी आणायला जाता येता, मान वर करून बंद झडप तेवढी बघितली होती. वामनरावांनी एकदा विचारलं होतं, "कशी दिसते?" तर म्हणाल्या, "खालून छान दिसते."

खालून छान दिसते. त्यात तक्रार नव्हती, आणि तक्रार नसलेल्या वाक्याशी काय करायचं हे वामनरावांना आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं.

कचेरीच्या ओट्यावर पुंजाराम आधीच येऊन बसला होता. गुत्तेदारी मिळाल्यापासून तो कोट घालत असे. कोटाच्या आत बंडी, बंडीच्या आत बलदियेचं, म्हणजे नगरपालिकेचं, लायसन, घडी करून मेणकापडात. पण वामनरावांची नजर कोटावर गेलीच नाही. पुंजारामाच्या डोक्यावर डाळिंबी रंगाचा, जरीच्या काठाचा फेटा होता. तो त्यांचाच होता. म्हणजे त्यांनीच, स्वतःच्या हाताने, चार माणसांदेखत बांधलेला. वामनराव ओट्याच्या पायरीशीच थबकले, आणि पायरी हा शब्द मनात यावा याचा त्यांना राग आला.

"राम राम साहेब," पुंजाराम उठून उभा राहिला.

"राम राम. आज मोठा थाट आहे."

"तारीख हाय ना. म्हनलं, साहेबाच्या समोर जायाचं तं साहेबाचाच फेटा बांधून जावं. बराबर हाय का न्हाई?"

"लायसन आणलंस का? परत द्यावं लागेल."

"आनलंय की. तुमीच तं मिळवून दिल्तं, तुमीच घ्या." तो हसला, मग जरा गंभीर झाला. "काळजी करू नगा साहेब. तुमचा फेटा डोक्यावर हाय, आज काई वंगाळ बोलाचं न्हाई म्या. ज्यानं फेटा बांधला त्याला चारचौघांत उघडं पाडू नये, आमच्यात तसंच हाय."

काळजी! वामनराव चिंचेखाली जाऊन बसले. काळजी त्यांनी करायची होती की पुंजारामाने? हे मात्र खरं, की पुंजारामाच्या लायसनाचा अर्ज वामनरावांनीच लिहिला होता. त्यात 'घेतलेले काम पूर्ण करून देण्याबद्दल सर्वत्र ख्याती' असं एक वाक्य होतं, आणि ते लिहिताना त्यांनी पुंजारामाला विचारलंसुद्धा नव्हतं. अपूर्ण काम टाकलं तर लायसन रद्द, ही अट त्यांना तेव्हापासून पाठ होती. आज तीच अट ते त्याच्यावर लावणार होते. लायसन गेलं की शाळेच्या विहिरीचं काम गेलं, सरायच्या दुरुस्तीचं गेलं, आणि कोट पुन्हा खुंटीला. वामनरावांना त्यात समाधान वाटायला हवं होतं. थोडंसं वाटतही होतं. पण नडगी पुन्हा हुळहुळली, आणि फेटा त्या बाजूने डोळ्यांच्या कोपऱ्यात सारखा येत राहिला.

तो फेटा वास्तुशांतीचा. आणि वास्तुशांत, आता लपवण्यात अर्थ नव्हता निदान स्वतःपासून, वामनरावांनी घाईने उरकली होती. ज्येष्ठ संपत आला होता. एकदा आषाढी लागली की चार महिने मुहूर्त नाही. माडी झाली होती, गिलावा ओला होता, जिन्याचं सागवान अजून वखारीत पडलेलं. "साहेब, जिना होऊ द्या, मंग देव बसवा," पुंजाराम गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाला होता. "मुहूर्त काय तुझ्या लाकडांची वाट बघत बसणार?" असं वामनराव म्हणाले होते, पण मुहूर्त हे निमित्त होतं. आष्टीहून काकासाहेब येणार होते. काकासाहेब म्हणजे थोरले चुलतभाऊ, शेतीवाडीवाले, आणि वामनरावांनी गाव सोडलं तेव्हा पारावर बसून म्हणालेले, "लोकांच्या भांडणावर घर चालेल, माडी नाही चढायची." ते वाक्य वामनरावांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. माडी चढली होती, आणि ती ओल्या गिलाव्यासकट, या मोसमात, काकासाहेबांना दिसलीच पाहिजे होती. मग शिडीला झेंडूच्या माळा गुंडाळल्या, आंब्याचे डहाळे बांधले, आणि समारंभ झाला. फेटा बांधायची वेळ आली तेव्हा पुंजाराम मागे सरकला, "काम व्हायचंय साहेब, आता कशाला," पण वामनरावांनी त्याला ओढून पाटावर बसवला, आणि काकासाहेबांकडे बघत बघत असा पेच घातला की जणू ताजमहालच बांधून झाला. काकासाहेबांनी शिडीच्या तळाशी उभं राहून वर बघितलं. धोतराचा सोगा हातात धरला, सोडला. "छान," ते म्हणाले. "वर कोण राहणार, वानरं?" आणि जेवायला बसले. जिलेब्या मात्र पोटभर खाल्ल्या.

हे सगळं कुणालाही सांगता आलं असतं, हसत हसतसुद्धा. सांगता येत नव्हतं ते पुढचं. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची सोन्याची छोटी मूर्ती घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून पुरतात. घर आहे तोवर ती जागा उकरायची नाही. वामनरावांचं घर पूर्वाभिमुख. आग्नेय कोपरा म्हणजे ओसरीचा उजवा कोपरा, आणि ओसरीच्या उजव्या कोपऱ्यातच जिन्याचा पाया यायचा होता. भटजी मंत्र म्हणत होते, खड्डा होत होता, उपरण्याची नि शालूची गाठ बांधून नवराबायको शेजारी शेजारी बसली होती. रमाबाई हळूच त्यांच्याकडे झुकल्या. शालूला कापराचा वास येत होता, तो अजून आठवतो. "अहो, इथंच जिना यायचाय ना?" आणि वामनराव काकासाहेबांच्या दिशेला बघत ओठ न हलवता म्हणाले होते, "मंत्र चालू आहेत." एवढं बोलून त्यांनी देवावर माती लोटली. स्वतःच्या हाताने. दोन्ही हातांनी. वर पाणी शिंपडलं आणि फरशी बसवून घेतली.

सागवान आलं, पुंजाराम माणसं घेऊन आला, कुदळ उचलली आणि मध्येच खाली ठेवली. "साहेब, देव कुठं पुरलाय?" वामनरावांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि दाखवता दाखवताच त्यांना कळलं. माणसं आधी एकमेकांकडे बघायला लागली, मग हत्यारं गोळा करायला लागली. पुंजाराम फरशीच्या पाया पडला. "म्या न्हाई खांदनार. लेकराबाळाचा मानूस हाय म्या. तुमी दुसरा गुत्तेदार बघा." दुसरा पाहिला, तोही पाया पडून गेला. भटजींना विचारलं, तर ते म्हणाले चातुर्मासानंतर बघू, पण बसवलेली वास्तू हलवली असं मी तरी कधी ऐकलं नाही, तुम्ही ऐकलंत का? रमाबाई म्हणाल्या होत्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांना पुरण काढून ठेवताना, "मागच्या भिंतीनं नेला तर? स्वयंपाकघरातून?" "म्हणजे माझ्याकडे आलेली माणसं काय चुलीजवळून वर जाणार? फोडणी अंगावर घेऊन?" "बरं," म्हणाल्या त्या. आणि पुरणाचा गोळा वळत बसल्या. त्यानंतरच वामनराव कागद घेऊन बसले. काहीतरी करायलाच हवं होतं, आणि जे करता येत होतं ते ते करत होते. अर्ज झाला, असा झाला, की स्वतः लिहिणाऱ्यालाच पुंजारामाचा संताप यावा. घराचा नकाशा, कराराच्या अटी, शिडीची बेअब्रू, गृहिणीची अडचण. देवाचा उल्लेख त्यात नव्हता. तो खडा त्यांनी बाजूला काढून ठेवला होता.

"आष्टीकर वामनराव हाजिर है?" दारावरच्या जवानाने ओरडून विचारलं, आणि आवारातली निम्मी माणसं उठून दाराशी गोळा झाली. अर्जनवीसाचाच अर्ज, हे जालन्यात पहिल्यांदा घडत होतं. बलदियेचा कारभारही तहसीलदारच बघत. ते हैदराबादकडचे, गालात पान, उर्दूचे मोठे शौकीन. त्यांनी अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचला, एखाद्या मैफलीत वाचावा तसा. दाराशी दोघंतिघं वा वा म्हणाले. वामनरावांनी मान खाली घातली, आपली स्तुती ऐकताना घालतात तेवढीच.

"क्या लिखते जी तुम, आष्टीकर साहब! पढ़को मुद्दालेह पे भी तरस आ गया." साहेब मुद्दालेहाकडे, म्हणजे पुंजारामाकडे, वळले. "हां, पुंजाराम. जीना हुआ के नहीं हुआ?"

"न्हाई झाला, सरकार."

"क्यों नहीं हुआ?"

पुंजारामाने फेट्याला हात लावला. एकदा वामनरावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "न्हाई झाला, सरकार. त्याला काय कारन सांगावं."

"अरे, ये क्या जवाब हुआ? लायसन जाता तुम्हारा, मालूम है?"

"मालूम हाय."

दाराशी कुणीतरी हळूच हसलं. साहेबांनी दौतीकडे हात नेला. झालं होतं. अर्ज जिंकला होता, नेहमीसारखा. वामनरावांना आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा सल्ला त्यांनी आयुष्यात कितीतरी अर्जदारांना दिला होता: विचारलं नाही ते सांगायचं नाही. पण त्यांना गप्प बसवेना. आधी त्यांना वाटलं हा पुंजारामाचा राग आहे. मग लक्षात आलं, राग आहे, पण वेगळाच. याच्याकडे केवढा जबाब होता! धडधडीत, खणखणीत, एका वाक्यात अर्ज उलथवून टाकणारा जबाब. असा जबाब एखाद्या गैरअर्जदाराने आणून दिला असता तर वामनरावांनी फी न घेता लिहिला असता. आणि हा गाढव तो गिळून, डोक्यावर जरीचा काठ मिरवत, लायसन द्यायला निघाला होता. का, तर फेटा ज्याचा त्याला उघडं पाडायचं नाही. ज्या फेट्याचा पेच घालताना आपण याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. साहेबांचा टाक दौतीत बुडाला. चांगला जबाब डोळ्यांदेखत वाया चालला होता, ज्वारीचं पोतं फाटून रस्त्यावर सांडावं तसा.

"सरकार," ते पुढे झाले, "याला जबाब देता येत नाही. जबाब असा पाहिजे." आणि त्यांनी तो सांगितला, उत्तम उर्दूत, मुद्द्याला मुद्दा जोडून: की गैरअर्जदार काम करायला हत्यारांसह हजर होता, की जिन्याच्या पायाच्या जागी अर्जदाराने स्वतःच्या हाताने देव पुरला, की गैरअर्जदाराने आधी थांबायला सांगितलं होतं, की अर्जदाराच्या पत्नीने ऐन वेळी, तोंडी, हरकत घेतली होती, आणि की हे सगळं अर्जदाराला अर्ज लिहिताना पूर्ण ठाऊक होतं. बोलता बोलता त्यांना जोर चढला. शेवटच्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी सवयीने गैरअर्जदाराला दोषमुक्त करण्याची विनंतीही करून टाकली. मग त्यांच्या ध्यानात आलं की गैरअर्जदाराच्या बाजूने बोललेला तो माणूस आपणच.

साहेबांनी टाक दौतीतून काढला. मग त्यांच्या गालातलं पान हललं. ते हसायला लागले, चष्मा काढून, डोळे पुसत. "तो तुम्हारा अर्ज झूठा था, आष्टीकर साहब?"

"झूठा नहीं, सरकार," वामनराव म्हणाले. "अधूरा था. जीने के जैसा."

आता दारातले सगळेच हसले. वामनरावांना वाटलं होतं हे हसणं अंगावर उकळत्या पाण्यासारखं पडेल. ते पडलं, आणि फार तर कोमट होतं. जिनिंगचा मुनीम त्यात होता. हसू दे.

"मगर जीना तो होना," साहेब टाक खाली ठेवत म्हणाले. "अब बताव, किधर से होता?"

पुंजारामच चाचरत बोलला, आणि बोलला वामनरावांकडे बघून, साहेबांकडे नाही. "वहिनीबाईंनी जागा दाखवली, साहेब. तुमी कचेरीत आल्ते तवा म्या पानी प्यायला थांबलो व्हतो. मागच्या भिंतीनं, चुलीच्या पल्याडून. म्या सूत बी लावून बघितलं, झकास बसतो. पन म्हनल्या, साहेब हो म्हनले तरच ये. न्हाई म्हनले तं तोंड बी दाखवू नगं."

नडगी हुळहुळली. वामनरावांच्या डोळ्यांपुढे सकाळची झाकणी पुन्हा गोल गोल फिरली आणि चुलीपाशी जाऊन पडली. मागच्या भिंतीचा कोपरा. इतक्या वर्षांची उतरंड, तळाच्या डेऱ्यात ज्वारी भरलेली, एकटीला हलायची नाही. एकेक मडकं उतरवून, रिकामं करून, नेऊन, परत भरून रचलेली. निकालाच्या आधी. हो म्हणण्याच्या आधी. आणि त्यांचा हात वर झालेला, अर्ज घोकत असलेला.

"जागा मोकळी आहे," वामनराव म्हणाले. मग साहेबांकडे वळून त्यांनी पुन्हा, ठणठणीत सांगितलं, "जागा मोकळी झालेली आहे, सरकार. गैरअर्जदाराने उद्यापासून यावं."

चिंचेखाली बसून राजीनामा, म्हणजे समेटाचा कागद, त्यांनीच लिहिला, दोन्ही बाजूंचा. असा सुरेख, की साहेबांनी तोही मोठ्याने वाचायला घेतला. पुंजाराम शेजारी उकिडवा बसून लेखणी कशी चालते ते बघत होता. "आता फेटा काढू का साहेब? लई गरम व्हतं." "राहू दे," वामनराव म्हणाले. "काम झाल्यावर पुन्हा बांधू. या वेळी नीट बघून." परतताना पुलावर त्यांचं पाऊल चांगलं पडत होतं. आपण हरलो असं त्यांना कुठूनही वाटत नव्हतं. पहिला अर्ज जिंकत आला होता आणि त्याच्यावरचा जबाबही त्यांनीच जिंकला होता, एका तारखेत दोन्ही बाजूंनी जिंकणारा माणूस निजामाच्या राज्यात दुसरा कुठं असेल तर दाखवा. काकासाहेबांना हे कसं सांगायचं त्याची सुरुवातही त्यांनी मनात जुळवली. फक्त गल्लीच्या वळणावर माडी दिसली आणि हिरवी झडप बंद दिसली, तेव्हा जुळवलेली वाक्यं मागे राहिली. खालून छान दिसते. त्यांनी पहिल्यांदाच ते वाक्य खाली उभं राहून, मान वर करून, रमाबाईंच्या मापाने ऐकलं. मान दुखायला लागली.

स्वयंपाकघरात दुपारची उष्णता होती. रमाबाई ताक घुसळत होत्या. मागच्या कोपऱ्यात जमीन ताजी सारवलेली होती, पण तळाच्या डेऱ्याची गोल जागा अजून फिकी दिसत होती, आणि तिच्यापासून निघून भिंतीवर गेरूची एक रेघ तिरकी वर गेली होती, पुंजारामाच्या सुताची, थेट आढ्यापर्यंत. सकाळीही ती तिथं असणार. वामनरावांनी बोटाने तिला हात लावला. बोटाला गेरू लागला.

"काय झालं?" रमाबाईंनी विचारलं.

"राजीनामा. तो उद्या येतोय."

रवीचा आवाज थांबला नाही. जरा जलद झाला, इतकंच.

"मडकी हलवलीस ते मला सांगितलं नाहीस."

"सांगत होते की सकाळी," त्या म्हणाल्या. "पण तुमचे मंत्र चालू होते."

वामनराव पाटावर बसले. नडगी चोळली. या कोपऱ्यातून जिना निघाला की वर जायची वाट चुलीवरून, म्हणजे रमाबाईंच्या पुढून. त्यांची माणसं आता वर येणार नव्हती, चहा ओसरीवरच होणार होता, आणि वरची खिडकी, तिचा रस्ता, तिच्या गाड्या, सगळं ज्याचं त्याच्याकडे गेलं होतं. त्यांनी मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. आपण कोणत्या बाजूला बसतो ते त्यांना लगेच कळलं.

"म्हणजे मला वर यायचं झालं," ते म्हणाले, "तर आता तुझ्याकडे अर्ज द्यावा लागणार."

रमाबाईंनी रवी काढून लोण्याचा गोळा बोटावर घेतला, उजेडाकडे धरून बघितला.

"तोंडी चालेल," त्या म्हणाल्या.